तुमच्या नावाला लागलेला जळका वास

आपा, तुमच्या मयतीला मी लातूरहून वेळेवर पोचले आणि नेमक्या वेळी तोंड शिवून बसले. तुम्हाला ते दिसलं असेल तर दिसू द्या. माझी लायकीच ती.

बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या. रुबीना, तुमची लेक, भिंतीला टेकून होती. रडून रडून तिचा आवाज गेला होता. समोरच्या घरातल्या सरस्वतीकाकू आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या. बारा वर्षांत त्या तुमचा उंबरा ओलांडून आत आल्या नव्हत्या, त्या दिवशीही आल्या नाहीत. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बाई वाईट नव्हती. पण हात लई भारी. माझ्या रेखीचे केस जाळले की ऐन लग्नात." दोघी-तिघींनी माना हलवल्या. एक म्हणाली, "हाव, ऐकलंय." आणि ते केस जिनं जाळले होते ती मी, सतरंजीच्या दशा ओढत खाली मान घालून बसले.

रेखाचे केस मी जाळले, आपा. हे तिघींनाच ठाऊक होतं. तुम्हाला, मला आणि रेखाला. तुम्ही गेलात, रेखा देगलूरला तिच्या संसारात आहे, म्हणजे आता मी गप्प राहिले की तुमच्या नावाला लागलेला तो जळका वास कायमचाच. परतीच्या एसटीत माझं डोकं एवढंच घोकत होतं. शेजारी एक म्हातारी शेंगा खात बसली होती. तिनं मला ओंजळभर दिल्या आणि विचारलं, "कोन गेलं गं?" मी म्हणलं, "माझी उस्ताद." "लई चांगली हुती का?" म्हणाली. मला हुंदकाच फुटला.

तुमच्याकडं शिकायला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते मी. कंधारच्या अलीकडचं आमचं गाव, घरी शेती, आणि माझ्या डोक्यावर हे जंगल. जाड, राठ, कोरडं. शाळेत मला झाडणी म्हणायचे, घरी आई म्हणायची, हिच्या केसात हरवलेली म्हैस सापडल. शहरात, इतवारा गल्लीतल्या तुमच्या पार्लरात पाऊल टाकलं ते डोक्याला घट्ट रुमाल बांधून. तुम्ही आधी तो रुमालच सोडलात. केसात हात घातलात आणि म्हणालात, "माशाअल्ला! अगे, एवढा माल है आणि बांधून ठेवून राहिलीस? कायकू?" मग तुमचा कंगवा माझ्या केसात मोडला. दोन तुकडे. तुम्ही इतक्या हसलात की मलाही हसू आलं. माझ्या केसांवर मी पहिल्यांदाच हसले होते, रडण्याऐवजी.

तुम्ही शिकवलंत ते वहीत लिहून घेण्यासारखं नव्हतंच. हाताला शिकवायचात. विंचरायचं तर टोकापासून, वर वर चढत जायचं. मुळापासून ओढलं की तुमची चापट बसलीच. धुतलेले केस टॉवेलनं खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या धुवट सुती लुगड्यात गुंडाळून पाणी टिपायचं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं केस अजून राठ होतात म्हणून शेवटचे दोन तांबे नळाच्या गोड्या पाण्याचे, आणि नळ चार दिवसांनी यायचा, तर ते दोन तांबे तुम्ही पिण्याच्या पाण्यासारखे झाकून ठेवायचात. जवस उकळून त्याचं चिकट पाणी गाळायचं आणि ओलसर केसांना बोटांनी लावायचं. मी म्हणले होते, "आपा, जवसाची आम्ही चटणी करतो." तुम्ही म्हणालात, "चटणी तू खा, पाणी डोक्याला लाव." आणि मशीन. केस सरळ करायची मशीन तापली की तुम्ही आधी पांढऱ्या कागदाची घडी तिच्यात दाबायच्या. कागद पिवळा पडला की आचेचा आकडा खाली. जाड केसाला जास्त आच लागते असं मला वाटायचं. तुम्ही म्हणायच्या, "आच नै, सबर लागते. बारीक बट घे, एकदाच फिरव, सोड. आणि केस हाडासारखा सुका पाहिजे." हे सगळं मला पाठ होतं. पाठ असून केलं, म्हणून ते जास्त डाचतं.

रेखाचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. तिचे केस अगदी माझ्यासारखे, पण कमरेच्या खाली. आदल्या दिवशी हळदीत मावश्या-आत्यांनी तिच्या टाळूवर वाटी वाटी तेल ओतलेलं. आपल्याकडं हळद म्हणजे नवरीला तेलात बुचकळून काढणंच की. सकाळी बोअरच्या पाण्यात घाईघाईनं दोनदा शॅम्पू लावला आणि पोरगी आपल्याकडं पाठवली. वरून केस कोरडे ठणठणीत. तुम्ही आत बोट घातलंत आणि मान हलवलीत. "आतून ओला है, तेल पण है. परत धुवायचा, उन्हात सुकवायचा. मी नमाज पढून येते. तोवर मशीनला हात नक्को."

तुम्ही आत गेलात आणि काकू दारात आल्या. "काय करून राहिल्या गं तुम्ही? वऱ्हाड जानवशाला उतरलं की! अजून हिचे केस मोकळेच?" असं ओरडून त्या मांडवाकडं पळाल्या. मी घाबरले. आणि खरं सांगू का आपा, घाबरले कमी आणि शहाणपणा जास्त होता. मला दाखवायचं होतं की तुम्ही येईपर्यंत मी अर्धं डोकं उरकलं. मशीनचा आकडा शेवटपर्यंत नेला. कागद धरला नाही. पहिल्या बटेला चर्र आवाज झाला, धूर निघाला. वाफ आहे, म्हणलं. उलट अजून दाबून धरली आणि परत फिरवली. उजव्या कानामागची बोटभर जाड बट मशीनबरोबर माझ्या हातात आली.

रेखा किंचाळली. तुम्ही धावत आलात, दुपट्टा नमाजेचाच गुंडाळलेला. माझ्या हातातून मशीन हिसकावली, बटण बंद केलंत, आणि ती तुमच्या हातात असतानाच काकू परत दारात उभ्या. खोलीभर तो वास. काकूंनी तुमच्या हातातली मशीन बघितली, लेकीचं डोकं बघितलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मेरे हाथ से हुआ, भाभी," म्हणालात. "माफ करो."

मी तिथंच उभी होते. बोलायला एक श्वास पुरला असता. नाही बोलले.

तुम्ही रेखाच्या कानामागचा तो खड्डा अंबाड्याखाली आणि अबोलीच्या गजऱ्याखाली असा झाकलात की फोटोत आजही कुणाला कळणार नाही. संध्याकाळी पार्लर झाडताना मी रडत होते तर म्हणालात, "उद्या सकाळी लवकर ये. मशीन तूच लावायची. उद्या नै लावलीस तर उम्रभर नै लावणार." एवढंच. शिवी नाही, भाषण नाही. मला तुम्ही शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिव्या सगळ्या तुम्हीच खाल्ल्या. काकूंनी गल्लीभर सांगितलं, तुम्ही सलाम केला की त्या मान फिरवायला लागल्या. त्या वर्षी ईदेला तुम्ही पाठवलेला शिरखुर्म्याचा डबा त्यांनी झाकण न काढता परत पाठवला. तो डबा परत घेऊन येणारी मीच होते. आणि वर्षभरात रुबीनानं तुमच्या हातातून मशीन काढून घेतली. "अम्मी, तेरे हाथ कापते अब. लोक बोलते." तुमचे हात कुठं कापत होते? पण तुम्ही दिलीत. मग नवऱ्या माझ्याकडं आल्या, मेंदी आणि डोक्याला तेल लावणं एवढंच तुमच्याकडं राहिलं. तुमच्या खुर्चीमागं मी उभी राहायला लागले, आपा, आणि कुणी विचारलं तर सांगायची, आपांना आता दिसत नाही नीट.

तुम्ही देगलूरला जात होतात हे मला फार उशिरा, रेखाकडूनच कळलं. महिन्याला एकदा, एसटीनं, पिशवीत जवसाच्या पाण्याची बाटली आणि कात्री घेऊन. रेखाच्या सासरी तुम्ही माहेरच्या गल्लीतल्या मावशी म्हणून जायच्या. टोकं कापायच्या, तेल लावून द्यायच्या, तिच्या सासूला सांगायच्या की पोरीला रोज डोक्यावरून न्हायला लावू नका. जळलेला केस परत जुळत नाही, नवा येईपर्यंत सांभाळावा लागतो, हे तुम्ही मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. तसा तुम्ही तो सांभाळलात. काकूंना पत्ताच नाही. त्यांना वाटायचं देगलूरचं पाणी लेकीला मानवलं.

माझं लग्न ठरलं, लातूरला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला पुढ्यात बसवून विंचरत होता. मधेच हात थांबला. "काही बोलायचं है का, सुनंदे?" मला कळलं तुम्ही काय विचारताय. मी म्हणले, "न्हाई आपा. चहा टाकू का?" तुम्ही म्हणालात, "टाक." आणि विंचरत राहिलात. त्या चहात मी साखर घालायची विसरले आणि तुम्ही तसाच प्यायलात.

लातूरला माझं पार्लर चाललं. फोनवर आपली भांडणं सुरू झाली ती तुम्ही दवाखान्यात जाईपर्यंत चालली. मी रोज सकाळी स्वतःचे केस सरळ करून मगच शटर वर करायची. "रोज भाजून राहिलीस ना?" तुम्ही नमस्कार-चमत्कार न करता विचारायच्या. "जाड केस म्हणजे बीमारी है का?" मी म्हणायची, जिला सगळी शाळा झाडणी म्हणली तिला चार दिवस सरळ केस हवे असतील तर तुम्ही कोण नाही म्हणणार? तुम्ही म्हणालात, "जो झाडणी म्हणतो त्याचं तोंड सरळ कर." यावरचं उत्तर मला आता सुचलंय. जगाची तोंडं सरळ होईस्तोवर पोरीनं काय करायचं, आपा? कुठं तोंड लपवायचं? मी मशीन सोडणार नाही. कोरड्या केसाला, कमी आचेवर, एकदाच, आणि महिन्यातून एखाद्या वेळी, एवढं मी करणारच. तुम्ही ऐकत असाल तर भांडा. रोज भाजायचं मात्र मी बंद केलंय. पंधरा दिवस झाले, माझं जंगल परत उभं राहिलंय आणि नवरा म्हणतो, ही बाई मी लग्नात बघितली होती.

मयतीहून परत आल्यावर तीन दिवस मला मशीन हातात धरवेना. चौथ्या दिवशी रेखाला फोन केला. म्हणलं, "ताई, मी काकूंना सांगणार हाय." तिनं तिकडं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "कशाला गं आता? आपांनीच मला शपथ घातली होती. या पोरीचं नाव आज निघालं तर हिचा हात कायमचा जाईल म्हणल्या. माझे केस तर आले की सगळे." मी म्हणलं, "तुझे केस आले. त्यांचं नाव न्हाई आलं." रेखा रडायला लागली. "सांग," म्हणाली. "पण आई मला बी सोडणार न्हाई, हे ध्यानात ठेव."

नवऱ्यानं विचारलं, हे सगळं लातुरात कळलं तर गिऱ्हाईक राहील का? म्हणलं, राहील ते राहील. परवा सकाळची गाडी धरली आणि थेट काकूंच्या घरी गेले. त्या अंगणात ज्वारी निवडत होत्या. बस म्हणायच्या आतच मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. तेल, ओल, आकडा, धूर, दुसऱ्यांदा फिरवलेली मशीन. काही झाकलं नाही. काकूंचा सुपातला हात तसाच राहिला.

"म्हंजी बारा वर्सं," काकू म्हणाल्या, "बारा वर्सं तू माझ्या तोंडून त्या बाईला शिव्या घालून घेतल्यास?"

"हाव काकू."

"आन् तिनं ऐकून घेतल्या?"

"हाव."

"मी तिचा डबा परत धाडला गं सटवे!" त्या उठल्या. मला वाटलं मारतात. मारलं असतं तर मी हललेही नसते. पण त्यांनी चपला घातल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "चल. ज्या ज्या घरी मी सांगितलं त्या त्या घरी चल. माझ्या तोंडानं गेलं ते तुझ्या तोंडानं परत आन."

आपा, अशी वरात इतवाऱ्यानं बघितली नसेल. काकू पुढं, मी मागं, मनगट त्यांच्या मुठीत. पहिल्या घरी माझी जीभ अडखळली तर काकूंनी दंडाला चिमटा काढला. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, "जाऊ द्या की आता. माणूस गेलं." काकू तिच्यावरच घसरल्या, "माणूस गेलं, नाव हितंच हाय की! तू हलवली हुतीस ना मान मयतीला?" तिसऱ्या घरी एकीनं मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "मग तुझ्याकडं नवऱ्या कोन पाठविल आता?" मी म्हणलं, "ज्यांना पाठवायच्या नसतील त्यांनी नका पाठवू. पण तेल लावलेली, ओली नवरी मी आता परत धाडते. मुहूर्त टळला तरी मशीन लावत न्हाई. हे तेव्हापासून." चौथ्या घरी कुलूप होतं, तर काकू ओट्यावर बसून राहिल्या ती बाई बाजारातून येईपर्यंत. मलाही बसवलं. उन्हात आम्ही दोघी. ती आली, तिलाही सांगितलं.

शेवटी राहिलं तुमचं घर. रुबीना शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. मला वाटलं होतं सगळ्यात सोपं इथं जाईल, तिला निदान तुमची बाजू तर घ्यायची आहे. मी सांगत गेले आणि तिचा पाय पॅडलवरून निसटला. "मी काढून घेतली मशीन," ती म्हणाली. "अम्मीच्या हातातून. मी. लोकांसमोर." मग तिनं मला जे म्हणलं ते मी इथं लिहीत नाही, तिचा हक्क होता. तुम्ही तिलाही सांगितलं नव्हतंत, आपा. पोटच्या पोरीला. माझ्यासाठी. कुठं ठेवू मी हे?

काकू उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. दोन्ही हातांनी चौकट धरून. रुबीनानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आत या काकू." काकू हलेनात. मग त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, खाली फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या घरचं कायतरी खायला दे मला." घरात सकाळची खिचडी होती, गार. काकूंनी ती हातानं खाल्ली, सगळी, आणि खाताना रडत होत्या.

मी निघाले तेव्हा रुबीना दारापर्यंत आली. मी म्हणलं, "मला माफ कर." ती म्हणाली, "मला काय म्हणतीस? जिला म्हणायचं तिला म्हण." कब्रस्तानात आपल्याकडं बायकांना जाता येत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणून हे इथं लिहितेय. गल्लीत पाच दारं फिरून आले, सगळ्यांना सांगून झालं, आणि ज्या एका माणसाला म्हणायला हवं होतं तिला मी बारा वर्षांत कधी म्हणलेच नव्हते. आपा, चूक माझी होती. मला माफ करा.